'हलू नको' हे वाक्य आता पुरे

शाळेत फोटो काढायचा दिवस असला की एकच वाक्य दिवसभर कानावर पडतं : "हलू नको!" उर्दू शाळेत त्याचं "हिलो मत" होतं, एवढाच फरक. केसांना तेल लावलेलं असतं, गणवेशाची कॉलर कुणीतरी नीट केलेली असते, मूल श्वास रोखून भिंतीपुढे उभं असतं. तरी वाऱ्याची एक झुळूक येते, बट डोळ्यावर येते, ओढणी उडते, मूल डोळे मिचकावतं आणि फोटो पुसट येतो. मग पुन्हा तेच : "सांगितलं होतं ना हलू नको म्हणून?"

माझं मत सरळ आहे. फोटो पुसट आला तर दोष मुलाचा नसतो. वारा वाहणार आणि मूल हलणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्याची तयारी फोटो काढणाऱ्याने करायची असते. ती न करता मुलाला दटावणं ही आपली जुनी सवय आहे, आणि ही सवय फोटोपुरती थांबत नाही.

मी छायाचित्रकार नाही. वीसेक वर्षं उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शाळा कोकणात, खाडीच्या काठावर. आमच्याकडे सभागृह नाही, त्यामुळे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, खेळांच्या स्पर्धा, दहावीचा निरोप समारंभ, सगळं मैदानात. ओळखपत्राचे फोटोसुद्धा भिंतीला चादर लावून बाहेरच काढतो. हे काम पगारात धरलेलं नसलं तरी ते शिक्षकांकडेच येतं. ते करता करता, कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक वाचत आणि मुलांना विचारत, जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. काही भाग तंत्राचा आहे. कंटाळू नका, मुद्दा त्यातूनच पुढे जाणार आहे.

'हलू नको' आलं कुठून?

हे वाक्य एके काळी खरंच गरजेचं होतं. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका फोटोला मिनिटं लागत. पुढे वेळ कमी झाला, तरी कित्येक सेकंद लागतच. तेवढा वेळ माणूस स्थिर राहावा म्हणून स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावत. लहान मुलांची तर आणखी तऱ्हा. आईच्या अंगावर कापड टाकून तिला खुर्चीसारखी बसवायची आणि मांडीवरच्या मुलाला तिने आतून घट्ट धरायचं. अशी जुनी चित्रं आजही पाहायला मिळतात. मुलाचा चेहरा स्वच्छ आणि मागे कापडाखाली एक बाई.

आज आपल्या खिशातला साधा फोनही लख्ख उन्हात सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो टिपतो. लोखंडी आधार संग्रहालयात गेला, पण आपल्या तोंडातला आधार अजून तिथेच आहे.

पुसटपणा तीन प्रकारचा

पुसट फोटो टाकून देण्याआधी तो मोठा करून नीट पाहा. तो आपली चूक स्वतः सांगतो. मुलासह मागची भिंत, झाड, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर आपला हात हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त चेहरा, केस, हात ओढल्यासारखे असतील तर मूल हललं आणि शटर मंद होतं. चेहरा ओढलेला नाही, नुसता मऊ आहे, पण कान किंवा मागचा फळा अगदी स्पष्ट आहे, तर फोकस चुकला. तीन आजार, तीन औषधं. "हलू नको" हे यातल्या एकाचंही औषध नाही. मूल दगडासारखं उभं राहिलं तरी त्याचे केस आणि ओढणी वाऱ्याचंच ऐकणार.

मुख्य औषध शटरचं. वाऱ्यात उभ्या असलेल्या मुलासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग, म्हणजे १/५००, ही मी खालची मर्यादा मानते. वारा जोराचा असेल किंवा मूल चालत-पळत असेल तर १/१०००. १/१२५ वर शांत बसलेला मोठा माणूस छान येईल, उडणारी बट येणार नाही.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी एक जुना हिशेब लक्षात ठेवावा. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ ठेवलं तर शटर साधारण आयएसओच्या आकड्याइतकं येतं. आयएसओ १०० असेल तर १/१००. तेच छिद्र एफ ५.६ पर्यंत उघडलं की उजेड आठपट येतो आणि शटर १/८०० वर जातं. आता मुलाला सावलीत घेतलं तर उजेड पुन्हा साधारण आठपट कमी होतो. तोच वेग टिकवायचा तर आयएसओ ८०० करायचं. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटोत मूल ओळखता येतं, पुसट फोटोत येत नाही.

छिद्र अगदी मोठं ठेवण्याचा, म्हणजे एफ १.८ वगैरेचा, मोह वाऱ्यात टाळावा. मागचं धूसर होऊन छान दिसतं खरं, पण मूल वाऱ्याबरोबर चार बोटं पुढेमागे झालं की फोकस डोळ्यावरून कानावर जातो. एफ ४ ते ५.६ मध्ये थोडी सवड मिळते. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा. कॅमेऱ्यात हलत्या वस्तूचा सतत पाठलाग करणारा फोकस असतो, तो लावावा. आणि 'स्टॅबिलायझेशन' आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ते आपल्या हाताची थरथर सांभाळतं, मुलाचं हलणं नाही.

फोनवाल्यांसाठी

आपल्यातले बहुतेक जण फोननेच फोटो काढतात. बहुतेक फोनचं छिद्र ठरलेलं असतं, त्यामुळे हातात उरतो तो उजेड आणि शटर. उन्हात फोन आपणहून शटर वेगवान करतो. गोची होते ती पावसाळी दिवशी, संध्याकाळी आणि दाट सावलीत. तिथे तो गुपचूप शटर मंद करतो, आपल्याला पत्ता लागत नाही.

ज्या फोनमध्ये 'प्रो' मोड आहे त्यात शटर स्वतः ठरवता येतं. नसेल तर मुलाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी दिसणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. फोटो जरासा काळपट येईल, पण बऱ्याचदा त्याबरोबर शटरही वेगवान होतं. काळपट फोटो नंतर उजळता येतो, पुसट फोटो कशानेही स्वच्छ होत नाही. 'पोर्ट्रेट' मोड वाऱ्यात बंद ठेवा. तो मागचं धूसर करताना मुलाची कड हिशेबाने कापतो, आणि त्या हिशेबात उडते केस आणि ओढणीचं टोक सापडत नाही. अर्धवट खाल्लेली ओढणी दिसते. एचडीआरही बंद करता येत असेल तर करा. अनेक फोटो एकावर एक रचून तो एक फोटो बनवतो, आणि त्या प्रत्येकात बट वेगळ्या जागी असते.

बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. गुडघे टेकून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला या. कोपरं अंगाशी घेतली की हातही स्थिर राहतो आणि मुलालाही वरून कुणी रोखून पाहत नाही. समुद्राजवळ असाल तर लेन्सवर खारट ओलावा बसतो. फोटोआधी मऊ कापडाने पुसा. अर्ध्या गावाचे फोटो धुकट येतात ते यामुळे.

वारा कुठून येतो?

आता माझ्या आवडीचा भाग. आपण चौथी-पाचवीच्या मुलांकडून पाठ करून घेतो : दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. फोटो काढताना मात्र हेच ज्ञान आपल्याला आठवत नाही.

कोकणात पावसाळा सोडला तर सकाळी वारा पडलेला असतो. जमीन तापली की दुपारपासून खारा वारा पश्चिमेकडून जोर धरतो. म्हणून ओळखपत्राचे, वर्गाचे फोटो सकाळी दहाच्या आत काढावेत. समारंभ दुपारनंतरच असेल तर शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीशी जावं. त्या वेळी ऊन पश्चिमेकडून आणि वाराही पश्चिमेकडून. एकच इमारत दोघांनाही अडवते. मूल सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला आणि चेहऱ्यासमोर मोकळं आकाश. त्या सपाट, शांत उजेडात डोळे किलकिले होत नाहीत. फक्त इमारतीच्या कोपऱ्याशी किंवा दोन वर्गांमधल्या बोळात उभं करू नका. वारा तिथे अडून दुप्पट जोराने शिरतो.

देशावरच्या, साताऱ्याकडच्या पठारावरच्या शिक्षकांना ही दिशा लागू होणार नाही. त्यांचा वारा त्यांनीच ओळखावा. मूठभर माती सोडून पाहिली तरी कळतं. मुलांनाच हे काम द्या. कुठे उभं राहायचं हे वर्गाने ठरवलं तर तो भूगोलाचा तास होतो.

आडोसा मिळालाच नाही तर मुलाचं तोंड वाऱ्याकडे, किंचित तिरपं करा. वारा समोरून आला की केस आणि ओढणी मागे जातात, चेहरा मोकळा होतो. पाठीमागून आला की सगळं तोंडावर. धूळ उडत असेल तर मात्र थांबा. डोळ्यांत माती गेलेल्या मुलाकडे हसू मागू नये.

ओढणीचं काय?

मुलींच्या शाळेत हा प्रश्न रोजचा. ओढणी उडते, मग बाहेरून आलेला फोटोवाला वैतागतो. एका समारंभात भाड्याने आणलेल्या अशाच एकाने सातवीच्या मुलींना "काढूनच टाका ना दोन मिनिटं" म्हणून मोकळं केलं. मुली गप्प झाल्या. त्या फोटोत चेहरे स्वच्छ आले असते तरी त्यावरचा भाव काय आला असता?

कुणाच्या डोक्यावरचं कापड कसं असावं हे कॅमेऱ्याने ठरवायचं नाही. मी मुलींना सांगते, वारा आहे, तुम्हाला हवी तशी आवरून घ्या. कुणी टोक खोचते, कुणी पिन लावते, कुणी तशीच उडू देते. एकीने ओढणी दोन्ही हातांनी पतंगासारखी धरली, तो तिचा सर्वांत जिवंत फोटो ठरला. १/१००० वर तिच्या ओढणीची विणसुद्धा दिसते. मुलग्यांच्या टोपीलाही हेच लागू. ईदगाहच्या मोकळ्या मैदानात नवे कपडे घातलेली पोरं एका हाताने टोपी धरून पळतात. ती तशीच टिपा. उभं करून, टोपी दाबून, हात बाजूला घ्यायला लावून काढलेल्या फोटोत ईद उरत नाही.

"हलू नको" ऐवजी काहीतरी करायला सांगा. तुझ्या घरच्या कोंबड्यांची नावं सांग, दहापासून उलटं मोज, समुद्र कोणत्या बाजूला ते दाखव. मूल बोलतं, हसतं, मग क्षणभर थांबतं. त्या क्षणासाठी बटण दाबून धरा, एका दमात दहा-बारा फोटो निघू द्या. साठ मुलांच्या फोटोत सगळ्यांचे डोळे एका वेळी उघडे असणं दुर्मीळच, म्हणून तिथेही एक फोटो काढून समाधान मानू नका.

एवढा खटाटोप कशासाठी?

काही सहकारी विचारतात, बाकं मोडकी आहेत, पटसंख्या घसरते आहे आणि तुमचं फोटोंचं काय मध्येच? प्रश्न रास्त आहे. बाकं हवीतच. पण फोटोला मी चैन मानत नाही. आपल्या मुलांचे फोटो बाहेर छापून येतात ते मला बहुतेकदा गर्दीचे दिसतात. टोप्यांची रांग, पाठमोरे बुरखे, सणाच्या दिवशी मिठी मारणारे दोन मुलगे. एकेकट्या मुलाचा, नजरेला नजर देणारा स्वच्छ चेहरा फार कमी. आपल्याच शाळांच्या गुणगौरवाच्या फोटोत पाहुणे आणि ट्रॉफी स्पष्ट असतात, ज्याचा गौरव आहे ते मूल पुसट. दुसऱ्यांनी आपल्या मुलांना नीट पाहावं अशी अपेक्षा करताना आपण तरी त्यांना नीट पाहतो का?

नुसतं स्पष्ट दिसणंही पुरेसं नाही. १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत, शाळेच्या तंबूत, स्टीव्ह मॅक्करी यांनी एका अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५ मध्ये तो 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. त्यातले डोळे कोण विसरेल? पण त्या मुलीचं नाव शरबत गुला आहे, हे जगाला कळलं २००२ मध्ये, तिचा शोध घेतल्यावर. इतकी वर्षं ती फक्त 'अफगाण मुलगी' होती. जगातला सर्वांत गाजलेला चेहरा, आणि त्याखाली नाव नाही. म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे : चेहरा स्वच्छ हवा आणि त्यामागे नाव हवं.

भीती खोटी नाही

पालक, विशेषतः मुलींचे पालक, फोटोला घाबरतात. त्यांना मागासलेले म्हणणं सोपं आहे. पण २०२१ च्या जुलैत आणि पुन्हा २०२२ च्या पहिल्याच दिवशी काय झालं ते आठवा. मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलून, त्यांच्या 'लिलावा'ची ॲप बनवली गेली. ज्या अम्मीने ती बातमी ऐकली तिने मुलीचा फोटो नको म्हटलं तर मी तिच्याशी वाद कशी घालू?

उत्तर वाद घालण्यात नाही, वागण्यात आहे. फोटो आधी विचारून काढायचा, पालकांना आणि मुलालाही. मुलांची वैयक्तिक माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, हे तत्त्व आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आलं आहे. फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचा नाही, शिक्षकाच्या स्टेटसवर तर नाहीच. छापून घरी द्यायचा. घरी दिलेला कागद कपाटात राहतो. गटात टाकलेला फोटो कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

काही घरांत तस्वीर काढण्यालाच धार्मिक हरकत असते. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि मी मुफ्ती नाही. पासपोर्टला, हजच्या अर्जाला फोटो लागतो तो सगळेच देतात. त्यापलीकडे ज्याला नको असेल त्याच्या मुलाचा फोटो मी काढत नाही. पण ज्याला हवा आहे त्याचा काढायचा तर नीट काढायचा. पुसट फोटो काढून कुणाचाच दीन सांभाळला जात नाही.

एक साधी सूचना

प्रत्येक शाळेने वर्षातून एक सकाळ यासाठी ठेवावी. जानेवारी-फेब्रुवारीत, वारा पडलेला असताना, दहाच्या आत. ज्यांची संमती आहे त्या प्रत्येक मुलाचा एक फोटो. एका मुलाला तीन मिनिटं धरली तर तीस मुलांचा वर्ग दीड तासात होतो. चार बाय सहाच्या कागदावर एक प्रत छापायची, ती चहा-बिस्किटाच्या खर्चात बसते. मागे मुलाने स्वतःच्या हाताने पूर्ण नाव लिहायचं, उर्दूत आणि मराठीत, आणि खाली इयत्ता व वर्ष. लिहिता लिहिता दोन्ही लिपींतलं शुद्धलेखनही तपासून होतं. माझ्यासारख्या मास्तरणीला तो वरचा फायदा.

आणि त्या सकाळी एक नियम पाळायचा. फोटो काढणाऱ्याने "हलू नको" म्हणायचं नाही. मूल हलत असेल तर शटर वाढवा, जागा बदला, किंवा वारा पडेपर्यंत दोन मिनिटं त्याच्याशी गप्पा मारा.